दोषनिवारणाचे वाचनशास्त्र : लिनक्सच्या साहाय्यपर वाङ्मयाची समीक्षा

प्रस्तावना

विंडोज १० या संगणकप्रणालीला मिळणाऱ्या नियमित मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. पुढील आवृत्तीसाठी उत्पादकाने विशिष्ट सुरक्षा-घटकाची आणि तुलनेने नव्या प्रक्रियकाची अट घातली आहे. त्यामुळे महाविद्यालयांतील चालू स्थितीतले संगणकही डेड स्टॉक रजिस्टरमधून निर्लेखनाच्या यादीत जाण्याची शक्यता निर्माण झाली आहे. अशा वेळी लिनक्सचा पर्याय सुचविला जातो. तो स्वीकारला, की पहिल्या आठवड्यातच वाय-फाय चालत नाही, मुद्रक ओळखला जात नाही, आवाज येत नाही, अशा तक्रारी सुरू होतात आणि 'लिनक्स अवघड आहे' असे म्हणून विषय मिटविला जातो.

हा अवघडपणा यंत्रात किती आणि यंत्र समजावून सांगणाऱ्या वाङ्मयात किती, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखक अभियंता नसून भाषा-साहित्याचा अध्यापक आहे. म्हणून लिनक्सची मदत-पाने, यंत्राच्या नोंदी आणि तोडगे सांगणारे लेखन यांकडे येथे संहिता म्हणून पाहिले आहे.

१. उगमस्थानी असलेला दोष

मुक्त संगणकप्रणालीच्या चळवळीचा आरंभच एका यंत्रदोषाशी जोडलेला आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत नवा लेसर मुद्रक आला. त्यात कागद अडकत असे. जुन्या मुद्रकाच्या आज्ञावलीत प्रयोगशाळेतील मंडळींनी सुधारणा केली होती. कागद अडकला, की वापरकर्त्यांना संदेश जाई. नव्या मुद्रकाची मूळ आज्ञावली मात्र उपलब्ध नव्हती. रिचर्ड स्टॉलमन यांनी ती दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकाकडे मागितली, तेव्हा गोपनीयतेच्या कराराचे कारण देऊन त्यांना नकार मिळाला. पुढे १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला आणि १९९२ मध्ये तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला.

या प्रसंगात कागद अडकणे ही मुख्य अडचण नव्हती. तो का आणि केव्हा अडकला हे वाचण्याची सोय काढून घेतली गेली होती. म्हणजेच 'मुक्त' या विशेषणाचा मूळ अर्थ फुकट असा नसून वाचता येण्याजोगे, आणि म्हणून दुरुस्त करता येण्याजोगे, असा आहे.

२. मदत-पाने : दोषाची कबुली देणारी संहिता

लिनक्समधील 'मॅन' ही मदत-पाने युनिक्सच्या परंपरेतून आली. केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी सिद्ध केलेली युनिक्सची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. आज्ञेचे नाव, तिची मांडणी, वर्णन आणि संबंधित आज्ञांचे निर्देश असा या पानांचा ठरलेला घाट आहे. त्यात 'दोष' या शीर्षकाचा एक स्वतंत्र विभागही असतो. आपली आज्ञा कोठे चुकते हे तिच्या कर्त्यानेच लिहून ठेवावयाचे, ही प्रथा पहिल्या पुस्तिकेपासून आढळते. विक्रीच्या वस्तूबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात असा प्रांजळपणा क्वचितच दिसतो.

परंतु या पानांचा वाचक कोण? संबंधित आज्ञेचे नाव ज्याला आधीच ठाऊक आहे, तो. 'वाय-फाय का चालत नाही?' असा प्रश्न घेऊन येणाऱ्याला हे पान कोठून उघडावे हेच कळत नाही. शब्दकोशात शब्द शोधण्यासाठी तो शब्द आधी माहीत असावा लागतो, तशीच ही स्थिती आहे.

३. यंत्राच्या नोंदींचे वाचन

प्रस्तुत लेखकाच्या विभागातील एका जुन्या संगणकावर लिनक्स बसविल्यावर वाय-फाय चालेना. 'पुन्हा फॉरमॅट मारा' असा सल्ला मिळाला. दोनदा फॉरमॅट मारूनही स्थिती जैसे थे राहिली. त्यानंतर क्रमाने वाचन केले. 'एलएसपीसीआय' या आज्ञेने जोडलेल्या उपकरणांची यादी दिली. तीत वाय-फायचे कार्ड होते. म्हणजे कार्ड यंत्राला दिसत होते. त्याचा चालक, म्हणजे ते उपकरण हाताळणारी आज्ञावली, गाभ्यात दाखल झाल्याचेही दिसले. 'डीमेसेज' या आज्ञेने गाभ्याच्या नोंदी दाखविल्या, तेव्हा कार्डाला लागणारी फर्मवेअरची फाइल सापडली नाही, अशी ओळ मिळाली. ती फाइल दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हने आणून ठरलेल्या जागी ठेवली, संगणक पुन्हा सुरू केला आणि जोडणी मिळाली.

यातून दोषनिवारणाच्या चार पायऱ्या स्पष्ट होतात : उपकरण दिसते काय, त्याचा चालक दाखल आहे काय, फर्मवेअर उपलब्ध आहे काय आणि मांडणी, म्हणजे जुळवणीच्या नोंदी, योग्य आहे काय. प्रत्येक पायरीवर 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर यंत्राकडूनच मिळते. फॉरमॅट मारण्याने मात्र जुन्या नोंदी पुसल्या जातात. दोष तसाच राहतो आणि त्याचा पुरावा नष्ट होतो.

४. तोडग्यांच्या वाङ्मयाची मर्यादा

१९९० च्या दशकात लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टच्या 'हाऊटू' पुस्तिकांनी मदत-पानांतील ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. त्यांची मांडणी आज्ञेकडून न होता कामाकडून होती : मुद्रण कसे करावे, जाळे कसे जोडावे. त्यांतील चांगल्या पुस्तिका कृतीबरोबर कारणही सांगत. पुढे मात्र 'ही ओळ जशीच्या तशी लिहा' एवढेच सांगणारे लेखन वाढले.

अशा लेखनावर मुख्य आक्षेप असा, की त्यात लक्षण आणि कारण यांतील फरक पुसला जातो. 'वाय-फाय चालत नाही' हे लक्षण एक आणि कारणे अनेक. चालक नसेल, फर्मवेअर नसेल किंवा कळफलकावरील एखाद्या कळीने रेडिओच बंद झालेला असेल. तिन्हींचा उपाय भिन्न आहे. एकाचा तोडगा दुसऱ्याला लावला, तर नवा दोष उत्पन्न होतो. शिवाय अशी आज्ञा बहुधा प्रशासकाच्या अधिकाराने चालवावी लागते. अर्थ न कळता ती चालविणे म्हणजे न वाचता सही करणे होय. वाचनाचा अधिकार देणाऱ्या प्रणालीत वापरकर्त्याला न वाचण्याची सवय लावणे, हा या वाङ्मयातील गंभीर अंतर्विरोध आहे.

५. मुक्ततेची सीमारेषा

तथापि सर्व दोष वाचनाने सुटतात असे म्हणणे एकांगी ठरेल. गाभा मुक्त असला तरी अनेक उपकरणांतील फर्मवेअर बंदिस्त असते. त्याची मूळ आज्ञावली उत्पादक देत नाही. मुक्ततेच्या तत्त्वाचा आग्रह धरणाऱ्या डेबियन प्रकल्पाने असे फर्मवेअर आपल्या अधिकृत स्थापना-संचाबाहेर ठेवले होते. २०२२ मध्ये विकासकांच्या मतदानाने ते संचात समाविष्ट करण्याचा निर्णय झाला आणि जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून तो अमलात आला. तत्त्वाला मुरड पडली, पण सामान्य वापरकर्त्याची पहिलीच वाट बंद होणे टळले. मुद्रकाच्या प्रसंगात स्टॉलमन यांना जो नकार मिळाला, तोच आता उपकरणाच्या पोटात शिरला आहे, असे यावरून म्हणता येईल.

६. मराठीचा प्रश्न

या वाङ्मयाचे मराठी भाषांतर करावे, ही सूचना स्वाभाविक वाटते. ग्नोम व केडीई या लिनक्सवरील दृश्य-मांडण्यांचे मराठीकरण झालेले आहे. डेबियनमध्ये जर्मन, फ्रेंच, जपानी अशा भाषांतील मदत-पानांचे स्वतंत्र संच आहेत, मराठीचा नाही. तरीही प्रत्येक दोष-संदेश मराठीत आणणे हा उपाय प्रस्तुत लेखकास मान्य नाही. गाभ्याच्या नोंदी इंग्रजीतच राहतात. आणि भाषांतरित संदेश शोधला असता त्याचे उत्तर सहसा सापडत नाही. म्हणूनच अनुभवी वापरकर्ते अडचणीच्या वेळी प्रणालीची भाषा तात्पुरती इंग्रजी करतात. गरज आहे ती इंग्रजी संदेश कसा वाचावा हे मराठीत समजावून सांगणाऱ्या गद्याची. वैद्यकीय अहवालातील संज्ञा इंग्रजी असल्या, तरी डॉक्टरांनी रुग्णाला त्याचा अर्थ मराठीतच सांगावा लागतो.

काही दोष तर मराठी वाचकालाच दिसू शकतात. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून भिन्न आहेत. लोहित देवनागरीसारख्या मुक्त टंकांत दोन्हींची सोय आहे. परंतु मजकुराची भाषा मराठी अशी नोंदविलेली नसेल, तर सर्वसामान्य वळणेच उमटतात. इंग्रजी पुस्तिकेच्या लेखकाला यात दोष दिसणारच नाही. तो ओळखण्यासाठी मराठी डोळाच हवा.

निष्कर्ष

लिनक्सचे साहाय्यपर वाङ्मय दोष लपवीत नाही, हे त्याचे मोठे सामर्थ्य आहे. आपला वाचक आधीच जाणकार आहे असे ते गृहीत धरते, ही त्याची मर्यादा. तोडग्यांच्या लेखनाने ही मर्यादा दूर झाली नाही. तिच्यावर केवळ पडदा पडला. यंत्राने सांगितलेले वाचण्याची सवय वापरकर्त्याला नसेल, तर परवान्याने दिलेला अधिकार कागदावरच राहतो.

महाविद्यालयांना यातून एक कार्य हाती घेता येईल. संगणक विभाग व मराठी विभाग यांनी मिळून प्रयोगशाळेतील प्रत्येक दोषाची नोंदवही मराठीत ठेवावी : लक्षण, यंत्राने दिलेला मूळ संदेश, त्याचा अर्थ, कारण आणि उपाय. अशा वहीला खर्च नाही. संगणक निर्लेखनाच्या यादीत घालण्यापूर्वी निदान ही वही एकदा उघडली जावी, एवढी अपेक्षा ठेवणे अवाजवी ठरू नये.