समानुभूती आणि शेजारधर्म

इस्लामी नीतिविचारातील करुणा आणि आधुनिक मानसशास्त्रातील समानुभूती ही एकच वस्तू होय, असे प्रतिपादन वारंवार आढळते. आधारासाठी बहुधा एकच हदीस पुढे केली जाते : श्रद्धावंतांचा समुदाय हा एक देह, एक अवयव दुखावला की सारा देह जागरणाने व ज्वराने त्याला साथ देतो. साम्य मोहक आहे खरे, परंतु घाईने काढलेले आहे. हा देह श्रद्धावंतांचा आहे. त्याबाहेरच्या वेदनेविषयी दृष्टान्त मौन पाळतो.

मानसशास्त्राची अडचण याहून फारशी निराळी नाही. लिप्स यांच्या 'आइनफ्यूलुंग' या जर्मन संज्ञेस टिचनर यांनी १९०९ मध्ये इंग्रजी प्रतिशब्द घडविला, तेव्हा तिचा नीतीशी संबंध जवळजवळ नव्हता. समानुभूतीतून निःस्वार्थ साहाय्य उद्भवते, या मताचे पुरस्कर्ते बॅटसन यांनाच १९९५ च्या प्रयोगांत असे आढळले की, ज्याच्याविषयी ती जागी होते त्याच्यासाठी माणसे न्याय्य क्रम मोडण्यासही तयार होतात. पॉल ब्लूम यांचा २०१६ मधील आक्षेपही याच स्वरूपाचा आहे. तेव्हा उभयतांचे खरे साम्य उणिवेत आहे, असे म्हणावे लागते.

कुराणातील चौथ्या अध्यायाची ३६ वी आयत या उणिवेवर वेगळा उपाय योजते. आप्त शेजारी, परका शेजारी, सोबती आणि वाटसरू या सर्वांशी सद्वर्तनाची ती आज्ञा देते. येथे भावनेची वाट पाहिलेली नाही. जवळ असणे एवढेच पुरे. अब्दुल्ला इब्न अम्र यांनी घरी बकरी कापली असता यहुदी शेजाऱ्याकडे मांस पोचले काय, हे आधी विचारले, अशी हदीस आहे. तिच्यात कळवळ्याचा उल्लेखही नाही.

या भेदाची कसोटी बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या तालुक्यात लागते. दिवाळीच्या सुमारास येथील ऊसतोड मजूर उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि कारखान्यांच्या परिसरात, शेताच्या कडेला कोप्या उभारून राहतात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून 'एक कोयता' होतो. माणसाची मोजणी हत्याराच्या नावाने होते. ज्यांच्या शिवारात या कोप्या पडतात, त्या गावाला या मजुरांविषयी समानुभूती वाटेल किंवा वाटणारही नाही. ते तोडणीपुरतेच येतात, त्यांची नावेही बहुधा ठाऊक नसतात. आयतीच्या दृष्टीने मात्र ते परके शेजारी आहेत आणि वाटसरूही.