भ्रमर आणि भुंगा : एका काव्यसंकेताचा पुनर्विचार

संस्कृत काव्यातून मराठीत आलेल्या संकेतांत भ्रमराइतका दीर्घायुषी संकेत क्वचितच दुसरा असेल. चांदणे पिणारा चकोर, मेघाच्या थेंबासाठी ताटकळणारा चातक, नीरक्षीरविवेक करणारा हंस हे सारे आता बहुतांशी पाठ्यपुस्तकांच्या टीपांपुरते उरले आहेत. भ्रमर मात्र सुभाषितांत, नाट्यपदांत, भावगीतांत अद्याप वावरतो आहे. वर्गात त्याचा उलगडा करणे हे अध्यापकास अतिशय सोपे काम वाटते. भ्रमर म्हणजे चंचल प्रियकर आणि फूल म्हणजे मुग्ध प्रेयसी, एवढे सांगितले की टीप पुरी होते. आम्हीही अनेक वर्षे असेच शिकविले. ते अपुरे होते, आणि काही ठिकाणी तर कवीवर अन्याय करणारे होते, असे आता आम्हांस वाटते. तसे का वाटते हे सहव्यवसायी बंधुभगिनींपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विचाराचे निमित्त एका विद्यार्थ्याचा प्रश्न हे होय. संस्कृतच्या तासाला ते सर्वपरिचित सुभाषित चालले होते : सूर्यास्ताला कमळ मिटते, आत सापडलेला भ्रमर उद्याच्या पहाटेची स्वप्ने पाहत बसतो, आणि तोच हत्ती येऊन कमळवेलच उपटून टाकतो. मागच्या बाकावरील सुताराघरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, भुंग्याने आमच्या ओसरीची तुळई पोखरली आहे. त्याला कमळाची पाकळी का पोखरता येऊ नये?" वर्ग हसला. "हा काव्यातला भ्रमर आहे, तुमच्या तुळईतला भुंगा नव्हे," असे सांगून आम्ही त्यास खाली बसविले. पुढे ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय पुन्हा वाचताना आमच्या ध्यानात आले की, मुलाने विचारलेला प्रश्न हाच तेथील दृष्टान्ताचा गाभा आहे, आणि खाली बसावयास हवे होते ते आम्ही.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मधील या ग्रंथात अर्जुनाच्या विषादाचे वर्णन करताना ज्ञानेश्वर भ्रमराचा दृष्टान्त योजतात. ज्याने संग्रामात प्रत्यक्ष शंकराला जिंकले, तो वीर स्वजनांच्या स्नेहाने विकल झाला, हे कसे समजावे? तर वाटेल तसले कोरडे लाकूड लीलया भेदणारा भ्रमर जसा कोवळ्या कळीत सापडतो, तसे. तो तेथे प्राण देईल, पण कमळाची पाकळी चिरणे त्यास ठाऊकच नाही. स्नेह कोवळा असतो, आणि म्हणूनच तो कठीण असतो, असा त्याचा निष्कर्ष.

लाकूड भेदण्यात निपुण असलेला भ्रमर कमळकोशात निष्क्रिय होतो, ही कल्पना एका प्रसिद्ध संस्कृत सुभाषितातही आहे. तेव्हा ती सर्वस्वी ज्ञानेश्वरांची असा दावा आम्ही करीत नाही. पण दोहोंत अंतर आहे. सुभाषितकार प्रेमाचे बंधन इतर बंधनांहून निराळे असते, एवढे नोंदवून थांबतो. ज्ञानेश्वर त्या निष्क्रियतेच्या आत शिरतात. त्यांचा भ्रमर दुबळा झालेला नाही. त्याचे सामर्थ्य शाबूत आहे, मात्र या ठिकाणी ते वापरावयाचे असते हेच त्यास उमगत नाही. अर्जुनाचेही तेच झाले आहे. गांडीव त्याच्याजवळ आहे, भुजांतील बळ ओसरलेले नाही. समोर आप्त आहेत म्हणून ते बळ त्याला आपले वाटत नाही. दृष्टान्ताचा पूर्वार्ध, म्हणजे कोरडे लाकूड, वगळला तर उत्तरार्धात केवळ करुणा उरते आणि अर्जुन निव्वळ भित्रा ठरतो. अध्यापकाने भ्रमर म्हणजे प्रियकर एवढीच टीप दिली की नेमके हेच घडते.

आता तो तुळईतला भुंगा कोण, हे पाहणे उचित होईल. आपल्याकडे सर्वत्र दिसणारा, इंचभर लांबीचा, काळाभोर, पंखांवर निळसर-जांभळी झाक असलेला हा प्राणी मधमाश्यांच्याच विस्तृत कुळातला आहे. त्याची मादी आपल्या बळकट जबड्यांनी सुकलेली फांदी, बांबू किंवा घराची तुळई कोरते. ती लाकूड खात नाही. भुसा बाहेर टाकते. आतल्या बोगद्यात पराग आणि मकरंद यांचा गोळा ठेवून त्यावर अंडे घालते, लाकडाच्याच किसाने त्या खोलीची भिंत लिंपते आणि पुढची खोली सिद्ध करते. म्हणजे फुलातला भ्रमर आणि तुळईतला भुंगा हे दोन प्राणी नव्हेत. एकाच मातेच्या दिवसाचे ते दोन प्रहर होत. कमळात कीटक अडकण्याची कल्पनाही निराधार नाही. कमळ रात्री मिटते हे खरेच आहे. शिवाय फुलण्याच्या काळात ते स्वतः उष्णता निर्माण करते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील उद्यानात झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, बाहेरची हवा १० अंशांपर्यंत उतरली तरी फुलाचे तापमान ३० अंशांच्या वर टिकून राहत असल्याचे आढळले. अशा उबदार फुलात रात्र काढणारे कीटक असतात, मात्र ते बहुधा ढालपंखी कीटक असतात. तेव्हा कवीने निरीक्षणाला कल्पनेची जोड दिली आहे, हवेत मनोरा बांधलेला नाही.

येथे एक शंका येईल. शास्त्राची फूटपट्टी घेऊन काव्य मोजावयाचे काय? तसे आमचे मुळीच म्हणणे नाही. संकेत खरा की खोटा, यापेक्षा तो त्या कृतीत काही काम करतो की केवळ शोभेला बसविला आहे, हाच समीक्षकाचा प्रश्न असला पाहिजे. या कसोटीवर कालिदासाचा भ्रमर पाहावा. 'शाकुंतला'त तो तीनदा येतो. पहिल्या अंकात तो शकुंतलेच्या मुखाभोवती घिरट्या घालतो, आणि झाडाआडून पाहणाऱ्या दुष्यंताला त्याचा हेवा वाटतो. पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे गीत पडद्याआडून ऐकू येते. आंब्याच्या मोहोराचे चुंबन घेऊन आता कमळात रमलेल्या भ्रमराला त्यात उपालंभ दिलेला आहे. राजाला अकारण हुरहूर लागते, पण ती कशाची हे त्याला आठवत नाही. सहाव्या अंकात पश्चात्तापदग्ध राजा शकुंतलेच्या चित्रातील भ्रमराला खरा समजून दटावतो, आणि कमळाच्या उदरात कोंडून ठेवण्याचा धाक घालतो. हेवा, विस्मृती आणि भ्रम अशा तीन पायऱ्यांनी दुष्यंताचे चरित्रच या एका कीटकाने सांगितले आहे. येथे भ्रमर चंचल प्रियकराचे प्रतीक आहे हे खरे. परंतु ते प्रतीक प्रत्येक अंकात नवे वळण घेते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून हा भ्रमर मराठी प्रेक्षकांच्याही ओळखीचा झाला. भागवताच्या दशम स्कंधातील भ्रमरगीतातही तो असाच कामाचा आहे. उद्धवासमोर थेट कृष्णाला दोष देणे गोपींस जड जाते, म्हणून जवळ आलेल्या भुंग्याला दूत मानून त्या मनातील सारे बोलून घेतात.

दोष आहे तो पुढील अनुकरणकारांचा. त्यांनी कालिदासाकडून फुलाभोवतीचा भ्रमर घेतला, हंसपदिकेचे शल्य घेतले नाही. त्यामुळे भ्रमर म्हटला की चंचलता, असे समीकरण तेवढे रूढ झाले. ते निसर्गाला धरून नाही, ही गोष्ट गौण मानली तरी मौजेची आहे. नर मकरंदासाठी फुलांवर येतात. पण पराग गोळा करणारी नेहमी मादी असते, आणि ती ते पिलांसाठी करते. मधमाशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते, हे ॲरिस्टॉटलनेही नोंदवून ठेवले आहे. ज्या फिरण्याला आम्ही बेइमानी म्हणतो, त्या फिरण्यानेच फुलाचे फळ होते. गुंजारवाचेही तसेच. वांगे, टोमॅटो यांच्या परागकोशांस टोकाशी बारीक छिद्रे असतात आणि पराग सहजी गळत नाही. भुंगा ते फूल घट्ट धरून आपले उड्डाणाचे स्नायू थरथरवितो, त्यासरशी परागाची भुकटी बाहेर पडते. मधमाशीला हे साधत नाही. कवींना जे गाणे वाटले, ते त्याचे अवजारही आहे.

आपल्या परंपरेने या श्रमाकडे अगदीच दुर्लक्ष केले असेही नाही. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले, त्यांत मधुकर आहे. लहानमोठ्या सर्व फुलांतून तो सार घेतो आणि कोणत्याच फुलाला इजा करीत नाही. यतीने गृहस्थाघरून तसेच थोडे थोडे घ्यावे, असा त्याचा उपदेश. नाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या आपल्या भागवतटीकेमुळे तो मराठी घरांत पोहोचला. गरीब विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या ज्या माधुकरीवर शिकल्या, तिचे नावही याच मधुकराचे. चंचल प्रियकराच्या शेजारी हा संयमी भिक्षुकही उभा आहे, हे आम्ही वर्गात क्वचितच सांगतो.

कीटकभृंगी-न्याय हा याहून अवघड प्रसंग. भृंगीच्या ध्यासाने अळीचीच भृंगी होते, असा तो दृष्टान्त. प्रत्यक्षात कुंभारीण माशी अळीला दंश करून निश्चेष्ट करते, मातीच्या घरट्यात कोंडते, आणि तिचे पिलू त्या अळीवर पोसून बाहेर पडते. वस्तुस्थिती कळल्याने ध्यासाचा सिद्धान्त कोसळत नाही. मात्र ती मुलांपासून दडवूही नये. दोन्ही सांगावे. मुले आम्ही समजतो त्याहून अधिक समंजस असतात.

शेवटचा मुद्दा भाषांतराचा. इंग्रजी पाठांतील बंबलबीचे आम्ही निःशंकपणे भ्रमर किंवा भुंगा असे भाषांतर करतो. वस्तुतः बंबलबी हा शीत प्रदेशातला, दाट केसांचा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, लहान वसाहती करून राहणारा वेगळा जीव आहे. भारतात तो हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगरांत आढळतो. दख्खन व कोकण येथे तो नाही. युरोपीय मनात त्याची प्रतिमा शृंगारिक नाही. तेथे तो जाडगेला, धांदरट, कष्टाळू आणि काहीसा विनोदी आहे. पुश्किनच्या १८३१ मधील पद्यकथेत राजपुत्र बंबलबीचे रूप घेऊन पित्याच्या दरबारी जातो आणि कपटी म्हातारीच्या नाकाला डसतो. रिम्स्की-कोर्साकोव्हच्या १९०० मधील संगीतिकेतील त्याच्या उड्डाणाची सुरावट जगभर वाजविली जाते. डार्विनने १८५९ मध्ये मांजर, उंदीर, बंबलबी आणि तांबडे क्लोव्हर गवत यांची साखळी मांडली : मांजरे अधिक तर उंदीर कमी, उंदीर कमी तर बंबलबीची घरटी सुरक्षित, आणि ती सुरक्षित तर क्लोव्हरला बी भरपूर. १८८५ मध्ये याच क्लोव्हरसाठी न्यूझीलंडने बंबलबी मुद्दाम आणविल्या. हा सारा संदर्भ भ्रमर या शब्दाने पुसला जातो, आणि त्या जागी नको असलेला शृंगार येऊन बसतो. बंबलबी हाच शब्द देवनागरीत ठेवून एकदा नीट टीप द्यावी, हे आम्हांस श्रेयस्कर वाटते. आजची मुले २०१८ च्या चित्रपटातील पिवळ्या यंत्रमानवामुळे त्या शब्दाशी परिचित आहेतच.

या गोंधळाचे एक फळ पारितोषिक-समारंभांत ऐकू येते. शास्त्रानुसार भुंग्याला उडता येणे अशक्य आहे, पण त्याला ते ठाऊक नसल्यामुळे तो उडतो, असे वक्ते सांगतात आणि टाळ्या पडतात. या समजुतीचे मूळ बहुधा आंत्वान मान्यां यांच्या १९३४ मधील फ्रेंच ग्रंथापर्यंत नेले जाते. विमानाच्या स्थिर पंखाचा हिशेब हलत्या पंखास लावल्याने ते कोडे उत्पन्न झाले होते. फडफडत्या पंखाच्या पुढील कडेवर हवेचा भोवरा तयार होतो आणि तो वजन तोलून धरतो, हे १९९६ च्या सुमारास प्रयोगांनी दाखविले गेले. अज्ञानाने कोणी उडत नाही. निदान शाळेच्या व्यासपीठावरून तरी असे सांगू नये.

सामान्य मराठी माणसाची भाषा या बाबतीत पंडितांहून शहाणी निघाली. तो डोक्यात भुंगा शिरला म्हणतो, शंकेचा भुंगा मन पोखरतो म्हणतो. त्यात भुणभुण आहे, पोखरणे आहे. प्रत्यक्ष पाहिलेला प्राणी आहे. ज्ञानेश्वरांचा भ्रमर याच बोलीच्या शेजारचा, म्हणूनच सात शतकांनंतरही तो ताजा वाटतो.

भ्रमराचा पाठ शिकविताना आता आम्ही आरंभी टीप देत नाही. भुंगा कोणी कोठे पाहिला, हे आधी विचारतो. कोणी तुळई सांगते, कोणी शेवग्याचे झाड, कोणी वांग्याचा वाफा. मग फळ्यावर दृष्टान्त लिहितो. ज्या मुलाला आम्ही खाली बसविले, त्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी मिळाले नाही. त्याच्यामागून आलेल्यांस ते मिळावे, इतकी दक्षता आपणा सर्वांस घेता येईल.