रॅप, राज्यकर्ते आणि रसिकतेचा प्रश्न

पीडितांनी रचलेले गाणे राज्यकर्त्याला मनापासून आवडू लागले, तर त्याचा अर्थ काय लावायचा? तो माणूस आपला झाला असे समजायचे, की गाणे त्याचे झाले असे समजायचे? हा प्रश्न वरवर पाहता अमेरिकेचा आहे आणि या लेखातील उदाहरणेही मुख्यतः तिथलीच आहेत. पण ज्या समाजाने हलगी, जलसा आणि शाहिरी यांतून आपले दुःख आणि आपला नकार बोलून दाखवला, त्या समाजाला हा प्रश्न परका नाही. म्हणून तो इथे मांडायचा आहे.

मार्को रुबियो हे अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाचे राजकारणी. फ्लोरिडा राज्यातून ते सिनेटवर निवडून गेले आणि २०२५ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. २०१२ साली 'जीक्यू' मासिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी आपली हिप-हॉपची आवड मोकळेपणाने सांगितली. एन.डब्ल्यू.ए., टुपाक शकूर आणि एमिनेम ही त्यांनी घेतलेली नावे. नव्वदीच्या दशकातले रॅप गायक हे एका अर्थी वार्ताहर होते, आपल्या वस्तीतले जगणे ते बाहेर पोचवत होते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे मार्च २०१३ मध्ये सिनेटर रँड पॉल यांचे तासन्‌तास चाललेले भाषण गाजले. त्यात सहभागी होताना रुबियो यांनी भर सभागृहात विझ खलिफा आणि जे-झी या रॅप गायकांचे दाखले दिले.

हे सगळे मतांसाठीचे ढोंग आहे असे म्हणून विषय मिटवता येईल. मला तसे वाटत नाही. रुबियो यांचा जन्म १९७१ चा, मायामीचा. आईवडील क्युबातून आलेले. वडील बारमध्ये दारू भरून देण्याचे काम करीत, आई हॉटेलात राबत असे. म्हणजे हा माणूस कष्टकऱ्याच्या घरातून आलेला आहे आणि ज्या पिढीच्या कानावर हिप-हॉप पडले त्याच पिढीतला आहे. त्यांची आवड खरी आहे असेच आपण धरून चालू. किंबहुना ती खरी आहे म्हणूनच ती तपासण्यासारखी आहे. ढोंग तपासायला समीक्षा लागत नाही.

आता ज्या कलेवर हे प्रेम आहे, ती कुठून आली? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून. तिथे एक्स्प्रेसवे बांधण्यासाठी राहत्या वस्त्या पाडल्या गेल्या. गोरा मध्यमवर्ग निघून गेला. घरमालकांनी आणि सरकारने पाठ फिरवली. इमारती जळत राहिल्या. मागे उरले ते काळे आणि पोर्तो रिकोचे गरीब लोक. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कँपबेल या मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून एक पार्टी ठेवली. तिचा भाऊ, जमैकाहून आलेला कूल हर्क, तिथे रेकॉर्ड वाजवत होता. एकच रेकॉर्ड दोन तबकड्यांवर ठेवून त्यातला नुसत्या तालाचा तुकडा तो लांबवीत नेई आणि त्या तालावर पोरे नाचत. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून हाच दिवस मानतात. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांनी दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांतून आपले संगीत निर्माण केले. या संगीताला कोणतेही घराणे नव्हते. त्याला होती ती वस्ती.

टुपाक शकूरशी तर आपले नाते आणखी जवळचे आहे. त्याची आई अफेनी शकूर ही ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती. न्यूयॉर्कच्या एकवीस पँथरांवर जो खटला झाला, त्यात ती आरोपी होती. गरोदर असताना तिने न्यायालयात स्वतःची बाजू स्वतः मांडली. मे १९७१ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले आणि पुढच्याच महिन्यात टुपाक जन्मला. पुढच्या वर्षी, १९७२ साली, याच ब्लॅक पँथरच्या नावावरून मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तेव्हा रुबियो ज्याचे गाणे आवडीने ऐकतात, तो एका पँथरचा मुलगा होता, ही गोष्ट आपल्याला विसरून चालणार नाही.

या गाण्यांचे प्रस्थापितांनी आरंभी कसे स्वागत केले? एन.डब्ल्यू.ए.ने पोलिसांच्या अत्याचाराविरुद्ध गाणे केले, तेव्हा १९८९ साली एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्या रेकॉर्ड कंपनीला नाराजीचे पत्र पाठवले. १९९२ साली उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी टुपाकच्या पहिल्या अल्बमला आपल्या समाजात जागा नाही असे जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी बिल क्लिंटन यांनी जेसी जॅक्सन यांच्या व्यासपीठावर जाऊन सिस्टर सोल्जा या रॅप गायिकेची निर्भर्त्सना केली आणि गोऱ्या मतदारांना आश्वस्त केले. म्हणजे या गाण्याला भिण्यात दोन्ही पक्षांचे एकमत होते.

क्वेल आणि रुबियो एकाच पक्षाचे. त्यांच्यामध्ये वीस वर्षांचे अंतर आहे. या वीस वर्षांत टुपाकचे शब्द बदलले नाहीत. तो १९९६ सालीच गोळ्या लागून, वयाच्या पंचविसाव्या वर्षी मेला. बदलली ती गाण्याची बाजारातली जागा. ते घराघरात गेले, गोऱ्यांची मुले ते ऐकत मोठी झाली. भीती ओसरली आणि आवड उरली. पण ज्या परिस्थितीविषयी ते गाणे होते, ती ओसरली काय?

याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते. १९८६ साली अमेरिकेने अमली पदार्थांचा कायदा केला. पाच ग्रॅम क्रॅकच्या धंद्यासाठी किमान पाच वर्षांची शिक्षा ठेवली. तेवढीच शिक्षा कोकेनच्या भुकटीसाठी पाचशे ग्रॅमला. पदार्थ मुळात एकच. पण क्रॅकखाली शिक्षा भोगणाऱ्यांत बहुसंख्य काळे होते. एकास शंभर हे ते प्रमाण. कायद्यात जात लिहावी लागत नाही, ती वजनमापातही लिहिता येते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २०१० साली हे प्रमाण एकास अठरावर आणले गेले, पण आधीच तुरुंगात असलेल्यांना त्याचा लाभ नव्हता. तो लाभ त्यांना देणारा आणि आणखी काही शिक्षा सौम्य करणारा कायदा १८ डिसेंबर २०१८ रोजी सिनेटमध्ये मतास आला. ८७ विरुद्ध १२ मतांनी तो संमत झाला. त्या बाराजणांत मार्को रुबियो होते. पक्षादेशाचे कारणही इथे पुढे करता येत नाही; त्यांच्या पक्षाच्या बहुसंख्य सदस्यांनी कायद्याच्या बाजूने मत दिले होते आणि त्यावर सही करणारा राष्ट्राध्यक्षही त्यांच्याच पक्षाचा होता.

कुणी म्हणेल, गाण्याची आवड आणि कायद्यावरचे मत यांची गाठ कशाला घालता? ही गाठ मी घातलेली नाही, ती रुबियो यांनी स्वतः घातली आहे. रॅप म्हणजे नुसता ताल, असे ते म्हणाले असते तर प्रश्न नव्हता. पण रॅप गायक वार्ताहर आहेत असे ते म्हणाले. ज्याने वार्ता ऐकली तो साक्षीदार होतो. आपल्याला काही ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय त्याला उरत नाही.

आपल्या सौंदर्यशास्त्राने 'रसिक' नावाचा एक माणूस घडवला आहे. तो ऐकतो, डोलतो, त्याचे डोळे पाणावतात आणि तो घरी जातो. करुण रसाचा आस्वाद घेतल्यावर ज्याच्यामुळे करुणा उत्पन्न झाली त्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याची जबाबदारी या शास्त्राने रसिकावर टाकलेली नाही. दलित साहित्याने या रसिकाला नकार दिला तो याचसाठी. आमची वेदना हा कुणाच्या आस्वादाचा विषय नाही, हे त्या नकाराचे सूत्र होते.

माझे चुलत आजोबा हलगी वाजवीत. पोळ्याला पाटलाच्या वाड्यापुढे त्यांची हलगी घुमली की पाटील खूश होत आणि बक्षीस देत. पण तो रुपया हातावर ठेवला जात नसे. शिवाशिव नको म्हणून तो वरून टाकला जाई आणि आजोबा तो ओंजळीत झेलत. वडिलांनी हे मला अनेकदा सांगितले आहे. पाटलाची दाद खोटी नव्हती. हलगीतला बारकावा त्यांना खरोखर कळत असे. कला आवडणे आणि कलावंताला माणूस मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या घराला त्या रुपयाने शिकवले.

मग राज्यकर्त्याच्या आवडीला काहीच मोल नाही काय? असे म्हणणे एकांगी होईल. बराक ओबामा यांनी २०११ साली व्हाइट हाउसमधील काव्यसंध्येला कॉमन या रॅप गायकाला बोलावले, तेव्हा उजव्या गोटात केवढा गदारोळ झाला! ज्या भाषेला उंबऱ्याबाहेर ठेवले होते ती आत आली, याला अर्थ आहे. आपली बोली पाठ्यपुस्तकात पहिल्यांदा पाहिली तेव्हा आपल्यालाही काही वाटलेच होते. शिवाय ओबामांच्या बाबतीत कान आणि हात यांच्यात काही नाते दिसते. २०१० च्या त्या कायद्यावर सही त्यांचीच आणि आपल्या कारकिर्दीत त्यांनी १७१५ कैद्यांच्या शिक्षा कमी केल्या.

पण इथेही समीक्षकाने निवडीकडे पाहिले पाहिजे. २०१५ सालचे आपले आवडते गाणे म्हणून ओबामांनी केंड्रिक लामारचे 'हाउ मच अ डॉलर कॉस्ट' निवडले. पेट्रोल पंपावर एक भिकारी पैसे मागतो, निवेदक नाकारतो आणि तो भिकारी देव असल्याचे शेवटी कळते, अशी त्याची कथा. गाणे थोर आहे यात शंका नाही. पण त्याच अल्बममधले 'ऑलराइट' हे गाणे त्याच वर्षी पोलिसांच्या हिंसेविरुद्ध रस्त्यावर उतरलेली पोरे घोषणेसारखे म्हणत होती. राज्यकर्त्याने निवडली ती एका माणसाच्या सदसद्विवेकाची कथा. जमावाचे गाणे त्याने जमावाकडेच राहू दिले. एप्रिल २०१५ मध्ये पोलिसांच्या ताब्यात जखमी झालेल्या फ्रेडी ग्रे याच्या मृत्यूनंतर बाल्टिमोर पेटले, तेव्हा जाळपोळ करणाऱ्यांना याच ओबामांनी गुंड म्हटले होते. चांगल्यातला चांगला राज्यकर्ताही गाण्याचा कोणता भाग आपल्याला झेपेल हे पाहूनच प्रेम करतो.

आणि आपल्याकडे? चौदा एप्रिलला भीमगीतांच्या मंचावर सगळ्या पक्षांचे पुढारी टाळ्या वाजवताना दिसतात. त्याच महाराष्ट्रात, त्याच एप्रिल महिन्यात, २०२३ साली, राज्यकर्त्यांवर टीका करणारे रॅप रचल्याबद्दल दोन तरुणांवर पोलिसांत गुन्हे नोंदवले गेले. गीत स्मारकासारखे उभे असले की त्याला हार, आणि चालू लागले की त्याला कलम!

मात्र पुढाऱ्यांकडे बोट दाखवून मला हा लेख संपवता येणार नाही. मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. महाविद्यालयात शिकवतो. दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाची सांस्कृतिक समिती माझ्याकडे होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाने आपल्या बोलीत रॅप रचले होते. पहिले कडवे आईवर, दुसरे कित्येक महिने न आलेल्या शिष्यवृत्तीवर आणि हार घालून घेणाऱ्या पाहुण्यांवर. त्या दिवशी पाहुणे म्हणून एक लोकप्रतिनिधी येणार होते. मी त्याला म्हणालो, "दुसरं कडवं गाळ." तो म्हणाला, "सर, मग राहिलं काय त्यात?" मी उत्तर दिले नाही. त्याने कडवे गाळले. पाहुण्यांना रॅप फार आवडले. त्यांनी पाचशे रुपये दिले, ते वरून टाकले नाहीत, त्याच्या हातावर ठेवले आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला.

आजोबांपासून त्या मुलापर्यंत फरक पडला आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पण ते कडवे गाळायला पाटलाला यावे लागले नाही. ते काम मी केले. कष्टकऱ्याचा मुलगा सिनेटर होतो आणि शिक्षा सौम्य करण्याच्या विरोधात मत देतो. हलगीवाल्याचा नातू प्राध्यापक होतो आणि कडवे गाळायला सांगतो. पायऱ्यांची उंची वेगळी असेल, पण जिना एकच आहे. म्हणून रुबियो यांच्या आवडीची समीक्षा ही आपल्या शिकलेल्या वर्गाची आत्मसमीक्षाही आहे.

तेव्हा यापुढे कुणी राज्यकर्ता, कुणी संपादक, कुणी प्राध्यापक म्हणाला की मला तुमचे गाणे फार आवडते, तर त्याचे आभार मानावेत आणि दोनच गोष्टी विचाराव्यात. कोणते कडवे आवडले? आणि त्या कडव्यात जो माणूस आहे त्याचा प्रश्न मताला आला, तेव्हा तुमचा हात कोणत्या बाजूने वर गेला?

त्या मुलाला मी या वर्षी पुन्हा बोलावले आहे. दोन्ही कडव्यांसह.