चौलवरून गेलेले चार बंदिवान आणि फादर स्टीफन्स

'क्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर टॉमस स्टीफन्स यांचा विचार मराठीच्या अभ्यासात बहुधा भाषेच्या आणि ओवीच्या अंगानेच होतो. १५७९ साली गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली पुराण छापले, यापलीकडे त्यांच्या धर्मोपदेशकाच्या दिनक्रमाकडे लक्ष क्वचितच जाते. बंदिवान आणि रुग्ण यांची विचारपूस हे ख्रिस्ती पुरोहिताचे एक मूलभूत कर्तव्य मानले गेले आहे. स्टीफन्स यांच्या बाबतीत त्याचा पुरावा काय, आणि तो कितपत विश्वसनीय, हे पाहणे अगत्याचे आहे.

१५८३ साली जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, जवाहिऱ्या विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी या चार इंग्रजांना होर्मुझ येथे हेर समजून पकडण्यात आले व जहाजाने गोव्यास धाडण्यात आले. वाटेत १० नोव्हेंबरला ते चौलास पोहोचले. फिचने येथील दोन नगरे, एक मुसलमानांचे व दुसरे पोर्तुगीजांचे, यांची नोंद केली आहे. आणि मद्य, तेल, साखर, चटया, घराचे छप्पर असे सारे काही देणाऱ्या माडाचे वर्णनही. आजच्या रायगड किनाऱ्याचे हे चित्र एका कैद्याने टिपले आहे, हे वाचताना सहसा ध्यानात राहत नाही.

२९ नोव्हेंबरला ते गोव्यास पोहोचले आणि तुरुंगात पडले. २२ डिसेंबरला त्यांची जामिनावर सुटका झाली. शहर न सोडण्याबद्दलचा २,००० डुकाटांचा जामीनदार स्टीफन्स व त्यांचे एक धर्मबंधू यांनी मिळवून दिला, असे फिच सांगतो. जामीनदारास मात्र २,१५० डुकाट मोजावे लागले. म्हणजे पुरोहिताने तुरुंगाचे दार उघडविले, पण ते फुकट उघडले नाही.

या साक्षीचे मोल कसे करावे? न्यूबेरीने जानेवारी १५८४ मध्ये गोव्यातूनच लिहिलेल्या पत्रात या उपकाराचा उल्लेख आहे. परंतु जामिनावर असलेल्या माणसाचे पत्र सावध असणे स्वाभाविक होय. फिचची हकीकत मात्र हॅक्लुटच्या संग्रहातून लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. जेझुइटाची स्तुती करून तेथे कोणाचाच लाभ होण्यासारखा नव्हता. उलट संशयच ओढवला असता. म्हणून तिचे वजन अधिक मानावे लागते.

याउलट, आर्चबिशपच्या सेवेत असलेल्या लिन्सखोटेन या डचाने १५९६ च्या आपल्या ग्रंथात निराळा सूर लावला. जेझुइटांना कैद्यांच्या पैशाचा लोभ होता आणि त्यांना संघात ओढण्याची इच्छा होती, असे तो म्हणतो. स्टोरी चित्रकार म्हणून संघात गेला, ही घटना त्याच्या म्हणण्यास आधार देते. तथापि, त्याचा ग्रंथ प्रोटेस्टंट हॉलंडच्या वाचकांसाठी होता, आणि कैद्यांसाठी आपणही रदबदली केल्याचे तो सांगतो. श्रेयाच्या वाटणीचा प्रश्न येथे आहेच.

दोन्ही साक्षी जुळवून पाहता एवढे निश्चित ठरते की मदत झाली. हेतूबद्दल मात्र निर्णय देता येत नाही. स्वदेशीयाविषयीची ओढ, भूतदया आणि धर्मप्रसार ही तीन सूत्रे एकाच कृतीत गुंफलेली असू शकतात. तुरुंगातील पुरोहितसेवेची खरी अडचण हीच आहे: ती सत्तेच्या अनुज्ञेने चालते, आणि सत्तेने पकडलेल्याच्या बाजूने बोलू पाहते. फिच व न्यूबेरी यांनी पुढे एप्रिलात पलायन केले. कारण सुटकेनंतरही व्हाइसरॉयचा धाक कायम होता. मध्यस्थीची मर्यादा येथे उघड होते.

या घटनेवरून पुराणातील करुणेचा उगम सिद्ध करणे घाईचे ठरेल. मधली तेहतीस वर्षे मोकळी राहतात. परंतु पुराणात श्रोता प्रश्न विचारतो आणि पाद्री उत्तर देतो, या रचनेकडे वळताना अभ्यासकाने हा बंदिवानांचा प्रसंग विसरू नये. समोरच्या माणसाच्याच भाषेत त्याला उत्तर देण्याची सवय या लेखकास ग्रंथाच्या आधीपासून होती, एवढे तरी तो दाखवितो.