घडले, पण नियमात बसले

न्यूयॉर्क शहरात पोलिसांविरुद्धच्या तक्रारी एक नागरी मंडळ तपासते. त्या तपासाच्या नोंदी मी गेली काही वर्षे वाचतो आहे. पोलीस किती वाईट हे मोजण्यापेक्षा त्या नोंदींची भाषा काय सांगते आणि काय गिळते, याचे मला कुतूहल आहे.

१९७६ मध्ये राज्याच्या नागरी हक्क कायद्यात घातलेल्या ‘५०-अ’ कलमाने पोलिसांच्या अशा नोंदी गोपनीय केल्या होत्या. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर, जून २०२० मध्ये, ते कलम रद्द झाले. पुढच्याच महिन्यात ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने सुमारे चार हजार पोलिसांच्या नोंदी खुल्या केल्या. स्वागत झाले, व्हायलाच हवे होते. पण त्या वाचायला शिकावे लागते.

प्रत्येक आरोपापुढे निष्कर्षाचा एक शब्द असतो. ‘सबस्टॅन्शिएटेड’ म्हणजे आरोप सिद्ध, ‘अनसबस्टॅन्शिएटेड’ म्हणजे पुरावा अपुरा, ‘अनफाउंडेड’ म्हणजे तसे घडलेच नाही. खरी गोम ‘एक्झॉनरेटेड’ या चौथ्या शब्दात आहे. शब्दकोश पाहून त्याला ‘दोषमुक्त’ म्हणाल तर फसाल. मंडळाच्या परिभाषेत त्याचा अर्थ असा की, तक्रारदार सांगतो ते घडले, पण ते नियमात बसते. म्हणजे झडती घेतली हे खरे, जमिनीवर पाडले हेही खरे. तरी वाचणाऱ्याच्या मनात ठसते ते पोलिसाचे निर्दोषत्व. मुळात तो नियमच बरा आहे का, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. पुढे मंडळाने तो शब्द काढून ‘पोलीस खात्याच्या नियमांच्या मर्यादेत’ अशा अर्थाची शब्दयोजना केली. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. (आपल्याकडच्या ‘तक्रारीत तथ्य आढळून आले नाही’ या सरकारी वाक्यात यातले किती अर्थ कोंबता येतात, हे ज्याने तक्रार केली आहे त्यालाच विचारावे.)

नुकसानभरपाईच्या दाव्यांची भाषा आणखी निराळी. तिथे रक्कम असते, निष्कर्ष नसतो. जुलै २०१४ मध्ये सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून पकडताना एरिक गार्नरचा गळा आवळला गेला आणि तो मेला. वर्षभराने शहराने कुटुंबाला ५९ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. दायित्व मात्र मान्य केले नाही. पैसे शहराच्या तिजोरीतले. गळा धरणारा अधिकारी डॅनियल पॅन्टालिओ याची तक्रारींची नोंद तेव्हा ५०-अ खाली बंद होती. २०१७ मध्ये ती फुटली: सात तक्रारी, चौदा आरोप, त्यांतले चार सिद्ध. हे चारही गार्नरला हात लावण्याआधीचे. शहराला ते ठाऊक होते. तडजोडीवर सही करताना कुटुंबापुढे मात्र तो कागद नव्हता.

पॅन्टालिओला नोकरीवरून काढले ते ऑगस्ट २०१९ मध्ये. जवळजवळ तोवर तो कार्यालयीन कामावर होता आणि पगार चालू होता.