१०९ तासांची मराठी आणि आईचा फोन

करी रोड स्टेशनच्या पुलावर आई फोनला म्हणते, "अरे, मावशीला लाव ना." फोन ढिम्म. "मावशीला फोन लावा" असं बातम्या दिल्यासारखं म्हटलं की लगेच लागतो. आधी वाटलं, पुलावरच्या गर्दीचा दोष. म्हणून घरी पंखा बंद करून पहिलंच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. तरी नाही. मग एक पेपर परत काढला.

२०२०च्या एलआरईसी परिषदेतला, बेसिल अब्राहम आणि सहकाऱ्यांचा. कमी उत्पन्न असलेले ग्रामीण लोक, कमी उत्पन्न असलेले शहरी लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी, अशा तीन गटांकडून त्यांनी मराठी आवाज जमवले. ३६ जण, १०९ तास. निष्कर्ष असा की पहिल्या दोन गटांच्या डेटाचा दर्जा विद्यार्थ्यांच्या तोडीचा आहे. आवाज देणाऱ्याच्या कमाईचा विचार पेपरच्या केंद्रस्थानी आहे, हे मला फार आवडतं. आपल्याकडे तो सहसा तळटीपेत जातो.

पण प्रस्तावना नीट वाचा. एरवी डेटा शहरी, डिजिटल सवयीच्या लोकांचा असतो आणि त्यांची बोली वेगळी असते, अशी तक्रार तिथे आहे. बरं, मग नव्या लोकांना दिलं काय? स्क्रीनवरची वाक्यं वाचायला! समोर 'आहे' लिहिलंय तर एरवी 'हाय' म्हणणारा माणूसही 'आहे'च वाचणार. 'हाय' वाचलं, तर मजकुराशी ताडताना ती चूक ठरणार. हेल मिळाला, उच्चार मिळाले, हे खरंच. बोलीतले शब्द, अर्धवट वाक्यं, मध्येच येणारं "मिस्ड कॉल दे" मात्र गाळलं गेलं. म्हणजे इथे 'दर्जा' म्हणजे मजकुराशी इमान. फोनला माणूस कळेल का, याचं उत्तर त्यात नाही.

आणखी एक सवय लावून घ्या: तासांना माणसांनी भागा. इथे माणशी साधारण तीन तास येतात. म्हणजे आवाज भरपूर, पण गळे थोडे.

मी असतो तर याच ३६ जणांकडून दहा-दहा मिनिटं न वाचता, फोनवर बोलतात तसं बोलून घेतलं असतं आणि मॉडेलच्या चुका त्यावर, गटवार मोजल्या असत्या. यात लिप्यंतराला प्रचंड वेळ जातो, म्हणून तर वाचून घेण्याचा मोह होतो. माझ्या गाईडनीही हेच विचारलं: लिहून कोण काढणार? सध्या आईची वीस वाक्यं झालीयत. सातव्या वाक्यात ती नेमकं काय म्हणाली, ते मलाही कळलेलं नाही.