शब्दसूचींतील ‘नपुंसक’

जुने कागद व पोथ्या प्रसिद्ध करितांना अखेरीस कठीण शब्दांची सूचि जोडण्याचा प्रघात आतां सर्वमान्य झाला आहे. त्यानें वाचकांची सोय होते, यांत शंका नाहीं. परंतु या सूचींत एक दोष इतका रुळून गेला आहे कीं, तो दोष आहे हेंहि कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. क्लीब, षंढ, पंड, तृतीया प्रकृति, खोजा, हिजडा यांपैकीं कोणताहि शब्द येवो, त्याच्यापुढें ‘नपुंसक’ एवढा एकच अर्थ मांडून संपादक पुढील शब्दाकडे वळतो. ‘इनाम’ आणि ‘वतन’, ‘सनद’ आणि ‘कौलनामा’ यांतील भेदावर जो पानेंच्या पानें खर्च करितो, तोच येथें सहा निरनिराळे शब्द एका गांठोड्यांत बांधतो. हा केवळ शब्दलाघवाचा प्रकार नव्हे. त्यानें इतिहासाची हानि झाली आहे आणि माणसांचीहि झाली आहे, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

या संवयीचें मूळ अमरकोशांत आहे. मनुष्यवर्गांत अमरसिंहानें नपुंसक, पंड, क्लीब, षंढ आणि तृतीया प्रकृति हे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून एकत्र बसविले आहेत. पर्यायशब्दांचा कोश पाठांतरासाठीं व काव्य करणाराच्या सोयीसाठीं असतो; कोणत्या व्यवहारांत कोणता शब्द योजावा, हें सांगण्याची जबाबदारी तो घेत नाहीं. पुढच्यांनीं मात्र कोशांतील शेजार म्हणजे अर्थाचें ऐक्य असें मानलें. त्यांतून ‘नपुंसक’ हा शब्द तर विशेषेंकरून व्याकरणाचा. महाभाष्यांत पतंजलीनें शरीराच्या चिन्हांवरून लिंग ठरविणारी लौकिक व्याख्या प्रथम मांडली, आणि खाट व वृक्ष यांस ती लागू पडत नाहीं, असें दाखवून बाजूस सारली. वैयाकरणानें जो शब्द शरीरापासून मोठ्या प्रयासानें सोडविला, तोच आम्ही शरीराच्या वर्णनास सरसकट लावीत आलों आहों.

आतां एकेक शब्द त्याच्या घरीं जाऊन पाहूं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत क्लीबास दायभाग नाकारला आहे. परंतु त्यास अन्नवस्त्र द्यावें असेंहि सांगितलें आहे, आणि त्यानें विवाह केल्यास त्याच्या क्षेत्रीं झालेल्या अपत्यास दायाचा अधिकार ठेविला आहे. म्हणजे येथील क्लीब हा घरांत राहणारा, विवाह करूं शकणारा, परंतु वांटणीच्या कामीं अपात्र ठरलेला पुरुष होय. अंधबधिरादिकांच्या पंक्तीस तो बसविला आहे, तो याच कारणानें. वृषणच्छेद, स्त्रीवेष, निराळा समाज यांपैकीं कशाचीहि तेथें वार्ता नाहीं.

नारदस्मृतीचें प्रयोजन याहून निराळें. तेथें वराची परीक्षा करावयाची आहे. म्हणून स्मृतिकारानें पंडाचे चौदा प्रकार मोजले. कोणी जन्मतः, कोणी गुरूच्या शापानें, कोणी रोगानें, कोणी देवकोपानें. पक्षपंड, ईर्ष्यापंड आणि अतिलाजाळू असा शालीनहि त्यांतच. विशेष ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, यांतील कांहीं प्रकार असाध्य म्हटले असले तरी पक्षपंडास महिन्याचा, आणि शाप, रोग व देवकोप यांनीं पीडितांस वर्षाचा अवधि द्यावा, असें सांगितलें आहे. जी अवस्था वर्षभरांत सरूं शकते, ती माणसाची जाति होऊं शकते काय? नारदाचा ‘पंड’ ही विवाहापुरती पाहिलेली अडचण आहे. कायमची ओळख नव्हे.

वैद्यकाची गोष्ट तिसरीच. सुश्रुतानें शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत आसेक्य, सौगंधिक, कुंभीक, ईर्ष्यक आणि षंढ असे पांच प्रकार दिले. त्यांपैकीं पहिले चार शुक्रयुक्त. शुक्रहीन तो एक षंढ. येथें ‘षंढ’ हा इतर चौघांहून भेद दाखविणारा पारिभाषिक शब्द आहे. त्याचा अर्थ ‘नपुंसक’ असा करणें म्हणजे ज्या भेदासाठीं शास्त्रकारानें शब्द योजिला तोच भेद पुसून टाकणें होय.

यापुढील उदाहरण भाषांतराचें आहे, आणि त्याचा मुंबईशीं संबंध आहे. कामसूत्राचें इंग्रजी भाषांतर १८८३ सालीं बर्टन व आर्बथनॉट यांच्या उद्योगानें निघालें. त्याच्या कामीं मुंबईचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांचें साहाय्य होतें. दुसऱ्या अधिकरणाच्या नवव्या अध्यायांत वात्स्यायन तृतीया प्रकृतीचे दोन प्रकार सांगतो : स्त्रीरूपिणी आणि पुरुषरूपिणी. भाषांतरकारांनीं तृतीया प्रकृतीस ‘यूनक’ केलें, आणि स्त्रीरूपिणी व पुरुषरूपिणी यांस अनुक्रमें स्त्रीचें व पुरुषाचें सोंग घेतलेले असें म्हटलें. ‘यूनक’ हा मूळचा ग्रीक शब्द. शय्यागृहाचा रक्षक हा त्याचा अर्थ, आणि वृषणच्छेद केलेला सेवक हा रूढार्थ. वात्स्यायनाच्या सूत्रांत ना शय्यागृहाचें रक्षण आहे, ना छेद. शिवाय ‘रूपिणी’ म्हणजे त्या रूपाची. रूप आणि सोंग या एक गोष्टी नव्हेत. पुरुषरूपिणीविषयीं सूत्रकार कांहीं गुप्त असल्याचें सांगतो खरें, पण गुप्त आहे ती तिची इच्छा; रूप गुप्त नाहीं. भाषांतरांत एका विशेषणाच्या फेरानें प्रकृतीची लबाडी झाली.

त्याच अध्यायांत आणखी एक स्थळ आहे. परस्परांवर विश्वास बसलेले कांहीं नागरक आपसांत तोच व्यवहार करितात, असें वात्स्यायन सांगतो. परंतु त्यांस तो निराळें नांव देत नाहीं. ते त्याच्या लेखीं नागरकच राहतात. कृत्यास नांव आहे, कर्त्यास नाहीं. आज ज्यास ‘समलिंगी’ म्हणतात तो शब्द येथें सूचींत घालण्याचा मोह अनावर होतो. पण ज्या युरोपीय शब्दाची ती मराठी छाया आहे, तो केर्टबेनी यानें जर्मन भाषेंत १८६९ सालीं प्रसिद्धीस आणला. नागरकांचा व्यवहार अवश्य नोंदवावा. एकोणिसाव्या शतकांतील नांव मात्र वात्स्यायनाच्या तोंडीं घालूं नये.

महाभारतांत हाच गोंधळ लोकरूढीनें केला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तींत रघुवीर यांनीं संपादिलेलें विराटपर्व १९३६ सालीं निघालें; त्यांत रूढ ‘बृहन्नला’ऐवजीं ‘बृहन्नडा’ हा पाठ स्वीकारला आहे. हा बृहन्नडा स्वतःस षंढ म्हणवितो, आणि राजा त्याची खात्री करून घेऊन मगच त्यास अंतःपुरांत नृत्य शिकविण्यास ठेवितो. म्हणजे येथें षंढत्व ही एका चाकरीची पात्रता आहे. त्याच अर्जुनास गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत ‘क्लैब्य’ सोडण्यास सांगितलें जातें, तेथें त्या शब्दानें मनाचा खचलेपणा दाखविला आहे. शिखंडीची कथा तर याहून बोलकी. उद्योगपर्वाप्रमाणें तो जन्मानें कन्या, पुढें स्थूण यक्षाशीं अदलाबदल करून पुरुष झालेला. भीष्म त्यास ‘पूर्वीं स्त्री असलेला’ म्हणून शस्त्र उचलीत नाहीं. युद्धवर्णनांत क्षत्रदेव नांवाचा त्याचा पुत्रहि लढतांना आढळतो. तरी मराठींत ‘शिखंडी’ म्हणजे नपुंसक, भेकड, दुसऱ्याची ढाल, असा अर्थ रूढ होऊन बसला. महाकाव्यानें ज्यास महारथी म्हणून रणांत उभें केलें, त्याचें नांव भाषेनें शिवी करून ठेविलें.

फारशी कागदांकडे वळलें म्हणजे अडचण आणखी वाढते. ‘ख्वाजा’ हा मूळचा मानाचा शब्द. अंतःपुराच्या सेवकांस तो आदरार्थीं लागला, त्यावरून ख्वाजासरा; आणि त्याचेंच ‘खोजा’ हें रूप एकीकडे या सेवकांस व दुसरीकडे इस्माइली पंथाच्या व्यापारी समाजास लागू झालें. तेव्हां एखाद्या मराठी कागदांत ‘खोजा’ आढळल्यास तो महालाचा अधिकारी कीं बंदरचा सावकार, हें संदर्भावरूनच ठरवावें लागतें. देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर हा ख्वाजासरा होता; पण तो सेनापति व पुढें दिल्लीचा नायब या नात्यानें इतिहासांत वावरतो. त्याच्या पदाविषयीं सूचीनें मौन धरावें आणि शरीराविषयीं मात्र बोलावें, ही कोणती रीति?

आतां आमच्या वाचकांच्या अगदीं जवळचा विषय. मराठी मुलखांत हिजड्यांकडे भिक्षा मागण्याचे हक्क, आणि कांहींकडे रोख नेमणुका व जमिनी, राजसत्तेच्या मान्यतेनें चालत असत. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यानें पुढें त्या चालविण्याचें नाकारलें. पुण्याच्या दप्तरांतील कागदांवरून लॉरेन्स प्रेस्टन यांनीं १९८७ सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली. या व्यवहारांत हिजडा हा हक्कदार आहे. गुरूमागें चेला, ही त्याची वारसपरंपरा आहे. पाटील, जोशी, गुरव यांचे हक्क ज्या चौकटींत येतात, त्याच चौकटींत हाहि येतो. अशा कागदाच्या सूचींत ‘हिजडा = नपुंसक’ असें छापणें म्हणजे सनदेंतून हक्क वगळून शरीर तेवढें ठेवणें होय.

हें आम्ही अलंकारानें म्हणत नाहीं; कायद्यानें नेमकें हेंच केलें. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा दुसरा भाग ‘यूनकां’विषयीं होता, आणि तो प्रथम वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब येथें लागू झाला. त्यांतील व्याख्येप्रमाणें जो पुरुष स्वतः कबूल करील, किंवा वैद्यकीय तपासणींत उघड दिसेल, कीं तो पौरुषहीन आहे, तो यूनक. समाज, पंथ, गुरुपरंपरा, उपजीविका यांचा व्याख्येंत मागमूस नाहीं. संशयावरून ज्यांचीं नांवें नोंदलीं जात, त्यांच्या मालमत्तेचीहि यादी होई. त्यांनीं स्त्रीवेषानें रस्त्यावर दिसल्यास किंवा सार्वजनिक ठिकाणीं नाचगाणें केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नोंदलेल्यास अज्ञानाचा पालक होतां येत नसे, बक्षीसपत्र वा मृत्युपत्र करितां येत नसे, दत्तक घेतां येत नसे. ज्या समाजाची वारसपरंपराच गुरुचेल्यांची, त्याचा धागा या कलमानें कायद्याच्या दृष्टीनें तोडला. निजामी राज्यांत, ज्यांत तेव्हां आमचा मराठवाडाहि होता, याच धर्तीचा कायदा १३२९ फसलींत, म्हणजे इ. स. १९१९ च्या सुमारास झाला. तो तेलंगणाच्या उच्च न्यायालयानें २०२३ सालीं घटनाबाह्य ठरविला. एका भोंगळ शब्दार्थाचें आयुष्य शंभर वर्षांहून अधिक भरलें.

याच्या उलट दिशेची चूकहि आतां होऊं लागली आहे, आणि ती सद्धेतूनें होते म्हणून तिच्याकडे कानाडोळा करणें उचित नव्हे. ‘किन्नर’ हा शब्द हल्लीं हिजड्यांचें सन्मानाचें नांव म्हणून चालतो, आणि तो स्वतःस लावून घेण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद आहे. पण अमरकोशांतील किन्नर हे अश्वमुख देवयोनींतील गायक होत. जुन्या पोथींत किन्नर दिसला कीं तेथें हिजड्यांचा उल्लेख मिळाला, असें समजणें अशास्त्रीय आहे. ‘तृतीयपंथी’ हा शब्द मराठींत आतां शिष्टसंमत झाला, तो चांगलाच आहे. तथापि वात्स्यायनाची ‘प्रकृति’ आणि आमचा ‘पंथ’ यांत स्वभाव आणि मार्ग यांइतकें अंतर आहे.

सर्वोच्च न्यायालयानें १५ एप्रिल २०१४ च्या निकालांत तृतीय लिंगास मान्यता देतांना तृतीया प्रकृति व नपुंसक या प्राचीन शब्दांचा दाखला दिला. दोन्ही शब्द तेथें शेजारीं आले, तो अमरकोशाचाच वारसा. निकालाचें बळ मात्र त्या दाखल्यांत नाहीं. तें घटनेच्या समतेच्या व जीविताच्या अनुच्छेदांत आहे, आणि आपली लिंगओळख आपण सांगावी, या मान्य केलेल्या अधिकारांत आहे. हें बरें झालें. उद्यां एखाद्या सूत्राचा अर्थ संशोधनानें फिरला, म्हणून कोणाचा हक्क फिरूं नये; आणि हक्क टिकावा म्हणून आम्हीं सूत्राचा अर्थ वांकवूं नये.

तेव्हां संपादकांस आमचें सांगणें इतकेंच. मूळ शब्द जसा असेल तसा छापावा. शिवी वाटला तरी बदलूं नये, व सौम्य करूं नये. सूचींत पर्याय न देतां, त्या ठिकाणीं तो शब्द कोणत्या कामीं आला तें लिहावें : दायाच्या, विवाहाच्या, चिकित्सेच्या, चाकरीच्या कीं हक्काच्या. आजचें नांव देणें अवश्य वाटल्यास तें आजचें म्हणून निराळें द्यावें. मालकाचें नांव, गुरूचें नांव, गांव व हक्काचा प्रकार यांची नोंद इतर वतनदारांप्रमाणेंच करावी. संग्राहकांसहि एक विनंति आहे. भिक्षेच्या हक्काचे, गुरुचेल्यांच्या वारसाचे, नेमणुकीचे कागद बहुधा किरकोळ म्हणून रुमालाच्या तळाशीं जातात. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते फेंकूं नयेत. निदान त्यांची यादी करून नक्कल राखावी. जिवंत माणसास आपलें नांव स्वतः सांगतां येतें. कागदांतल्या माणसास तें संपादकाच्या हातूनच सांगावें लागतें, आणि म्हणून त्या हाताची जबाबदारी मोठी आहे.